पेंडीचं रिकामं पोतं

मी पाण्याचे नमुने तपासते. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मला सतरा वर्षं झाली. कारखान्यांचं पाणी, सोसायट्यांच्या सांडपाणी प्रकल्पांचं पाणी, विहिरी, बोअर, तलाव, सगळ्यांच्या बाटल्या माझ्या टेबलावर येतात. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मात्र एक बाटली मी स्वतः भरून आणली होती आणि तिचे पैसेही माझ्याच खिशातून भरले होते. खारेगावच्या खाडीकडच्या अंगाला माझ्या चुलतभावाचा म्हशींचा तबेला आहे. त्याच्या मागून जो नाला जातो त्यातलं ते पाणी.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची एक जुनी रीत आहे. काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. त्यात आधी मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली आयोडाइड. बूच लावायचं आणि बाटली हळूहळू उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो आणि खाली बसायला लागतो. जेवढा गडद तेवढं पाणी जिवंत. ऑक्सिजन नसेलच तर साका पांढरा राहतो, ताकात पाणी घातल्यासारखा. त्या दिवशी माझ्या हातातली बाटली पांढरी झाली. मी दुसरी भरली. तीही पांढरी.

पुढे बीओडी लावला, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. सत्तावीस अंशांवर तीन दिवस बाटल्या ठेवाव्या लागतात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला कायद्याने ३० मिलिग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा घातली आहे. तबेल्याच्या मोरीचं पाणी मी शेकडो पट पातळ करून लावलं, कारण तसंच लावलं तर बाटलीतला सगळा ऑक्सिजन रात्रीतच संपला असता. आकडा हजाराच्या वर गेला. आम्ही लहानपणी ज्या तबेल्याचं दूध प्यायलो, ज्याच्या पैशावर माझ्या चुलतभावंडांची शिक्षणं झाली, त्याचा हा आकडा होता. मला तो दादाला, म्हणजे या चुलतभावाला, सांगायचा होता आणि कसा सांगायचा ते कळत नव्हतं.

काका, म्हणजे दादाचे वडील, जुन्नर तालुक्यातून १९७८ मध्ये मुंबईत आले. आधी जोगेश्वरीच्या एका तबेल्यात धारा काढायला होते. मग स्वतःच्या चार म्हशी झाल्या, मग बाळकुमला भाड्याच्या जागेत चौदा. बाळकुमला टॉवर उठायला लागले तेव्हा जागामालकाने जागा रिकामी करून मागितली, आणि गोठा खारेगावला आला. आज तिथे दादाकडे अडतीस म्हशी आहेत, अकरा गुंठ्यांत. आजूबाजूला असे आणखी तबेले आहेत, कुणाकडे वीस, कुणाकडे साठ.

हा प्रवास काही आमच्या एकट्या घराचा नाही. मुंबईतल्या तबेल्यांची घाण शहराबाहेर न्यायची म्हणून १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. तेव्हा गोरेगाव म्हणजे जंगल होतं. पुढे शहर आरेला येऊन भिडलं. शहरात गुरं पाळायला परवाना बंधनकारक करणारा राज्याचा कायदा १९७६ चा. त्यानंतर कितीतरी गोठे ठाणे, कळवा, कल्याण, भिवंडीकडे सरकले, आणि आता ही गावंही शहरच झाली. दर वीस-पंचवीस वर्षांनी गोठा एक खाडी ओलांडतो आणि मागच्या जागेवर इमारत उभी राहते. शेणाचं काय करायचं हे मात्र पहिल्या दिवसापासून कुणी ठरवलेलंच नाही.

एका म्हशीचं दिवसाचं शेण पंधरा ते वीस किलो धरतात. अडतीस म्हशींचं झालं पावणेसहाशे ते साडेसातशे किलो. मूत्र वेगळं. धुण्याचं पाणी वेगळं. हे रोज, दिवाळीलाही आणि धो धो पावसातही.

काकांना मी ते आकडे दाखवले तेव्हा ते खाटेवर बसले होते. त्यांनी कागद दूर धरून वाचला आणि म्हणाले, "गावाकडं शेण कमी पडायचं गं पोरी. दोन म्हशी आन् चार एकर रान. उकिरडा भरायला वरीस लागायचं. हितं रोज भरतोय आन् टाकायला रान न्हाई."

मला हवं होतं ते सगळं त्या चार वाक्यांत होतं. मी रसायनशास्त्राच्या बाजूने विचार करत होते, ते शेतीच्या बाजूने बोलले.

तबेल्यात काय काय येतं ते एकदा उभं राहून बघा. सरकीची पेंड येते खानदेश-मराठवाड्याच्या कापसातून. तुरीची चुनी येते, गव्हाचा भुसा येतो. वाळलं गवत येतं पालघर जिल्ह्यातल्या वाड्याकडून, गाड्या भरभरून. पेंढा येतो मुरबाड-शहापूरच्या भातातून. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राच्या जमिनीतलं नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे पिकांचं खाद्य, ट्रकात बसून खारेगावच्या अकरा गुंठ्यांत येतं. दुभतं जनावर त्यातल्या नत्राचा साधारण पाव हिस्सा दुधात उतरवतं. बाकीचा शेणात आणि मुतात. दूध सकाळ-संध्याकाळ ठाण्यात घरोघर जातं. उरलेला पाऊण हिस्सा जाणार कुठे? जिथे उतार आहे तिथे. आमच्याकडे उतार नाल्याकडे आहे, आणि नाला ठाण्याच्या खाडीला मिळतो. त्या खाडीला २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत जागा मिळाली, रोहितांचे म्हणजे फ्लेमिंगोंचे थवे बघायला माणसं बोटीने जातात. तिकडे वाड्याच्या माळरानावरून वर्षानुवर्षं गवत कापून नेलं जातं आणि बदल्यात त्या जमिनीला काहीच मिळत नाही.

म्हणून मला आता पक्कं वाटतं की तबेल्यांचा नियम नाल्याच्या तोंडाशी उभा राहून पाणी मोजून भागणार नाही. तो वैरणीच्या गाडीपाशी उभा राहायला हवा. जी गाडी गवत घेऊन येते ती रिकामी परत का जाते, हा प्रश्न विचारायला हवा.

नियम नाहीत असं अजिबात नाही. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा आहे. महाराष्ट्राने तर स्वतःचा कायदा त्याच्याही आधी, १९६९ मध्येच केला होता. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. त्यांचं सांगणं असं: राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र घ्या, शेण आणि सांडपाणी गटारात-नाल्यात सोडू नका, वस्ती-शाळा-दवाखाना-तलाव यांपासून अंतर राखा, गोठ्याची जमीन पक्की आणि उताराची ठेवा, शेणाचं कंपोस्ट, गांडूळखत किंवा बायोगॅस करा. मी ती तत्त्वं दोनदा वाचली. त्यांत चुकीचं मला काही सापडलं नाही. एकेकटा गोठा आणि गोठ्यांची वसाहत यांच्यात त्यांनी फरक केला आहे, तोही योग्य. आमचा एकटा तबेला बंद केला तरी नाल्याला फार फरक पडणार नाही, कारण रांगेत बाकीचे आहेत.

वैरणीच्या गाडीचा मुद्दा मला अमेरिकेच्या नियमांमुळे जास्त स्पष्ट झाला. तिकडे जनावरं एका जागी कोंडून चारणाऱ्या मोठ्या धंद्याला कॅफो म्हणतात आणि डोकी मोजून वर्ग पाडतात. ७०० दुभत्या गाई किंवा १,००० इतर गुरं झाली की तो मोठा कॅफो. आमच्या दादाचे अडतीस त्या चाळणीतून सहज निसटले असते. पण तिथल्या परवान्यात एक गोष्ट आहे जी आपल्याकडे यायला हवी. परवाना घेणाऱ्याला पोषक द्रव्यांचा आराखडा द्यावा लागतो. शेण किती होणार, ते कुठल्या शेतावर जाणार, त्या शेतातल्या पिकाला किती लागतं, हे आधी लिहून द्यायचं आणि पुढे नोंद ठेवायची. युरोपने तर १९९१ च्या नायट्रेट निर्देशात जमिनीचाच हिशेब घातला आहे. नायट्रेटने बाधित भागात शेणखतातून हेक्टरी १७० किलो नत्राच्या वर घालायचं नाही. दुभत्या मोठ्या गाई धरल्या तर एका हेक्टरला साधारण दोन. त्या मापाने अडतीस म्हशींना एकोणीस हेक्टर लागतील, म्हणजे जवळजवळ सत्तेचाळीस एकर. दादाकडे अकरा गुंठे आहेत, आणि तेही भाड्याचे.

हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ताई, मग सत्तेचाळीस एकर दुसऱ्याची शोधू."

तो मला ताईच म्हणतो, मी त्याच्याहून धाकटी असूनही. आणि मी त्याला दादा.

त्याच्याआधीचा अनुभव वाईट होता. शेण उचलून नेणारा एक ठेकेदार होता, त्याचं नाव मी लिहीत नाही. दर खेपेला पैसे घ्यायचा आणि शेण वसईकडच्या नर्सऱ्यांना देतो म्हणायचा. दादाने आठ महिने त्याला पैसे मोजले. एकदा पहाटे दूध पोचवून परतताना दादाला तोच टेम्पो खाडीच्या कडेला, तिवरांच्या अलीकडे मागचं फाळकं पाडून उभा दिसला. दादा गाडी थांबवून नुसता बघत राहिला. घरी येऊन दोन दिवस जेवला नाही नीट. पैसे गेले त्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त त्याला हे लागलं होतं की आपण घाण नाल्यात सोडत नाही म्हणून चार लोकांना सांगत होतो आणि ती आपल्याच पैशाने खाडीत पडत होती.

मग वैरणीच्या गाडीवाल्याशी बोलणं सुरू झालं. वाड्याहून दर तिसऱ्या दिवशी गवत घेऊन येतो. त्याचं म्हणणं सरळ होतं: शेण भरलं की गाडी घाण होणार, दुसऱ्या दिवशी त्याच हौद्यात गवत भरलं तर म्हैस तोंड लावणार नाही. शिवाय ओलं शेण गळतं, घोडबंदर रोडवर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर पडलं तर मार गाडीवाल्याला बसणार. यातलं काहीच खोटं नव्हतं.

तोडगा काकांनी काढला. पेंड पन्नास किलोच्या पोत्यात येते. ती पोती तबेल्यात ढिगाने पडलेली असतात, भंगारवाला किरकोळ भावाने नेतो. काकांनी सांगितलं, शेण लगेच भरूच नका. सकाळी पाइप सोडायच्या आधी फावड्याने आणि खराट्याने कोरडं ओढून घ्या. गव्हाणीत म्हशींनी उष्टं टाकलेलं गवत त्यात कालवा. उताराच्या कोब्यावर दोन दिवस पसरून ठेवा, मग पोत्यात भरून तोंड शिवा. गळत नाही, वास निम्म्याने कमी होतो आणि गाडीत नुसती पोती पडतात. हौद्यात खाली एक ताडपत्री टाकली की गाडीवाल्याची तक्रार संपली. ज्या पोत्यातून मराठवाड्याची सरकी आली त्याच पोत्यातून ती शेण होऊन वाड्याला गेली.

पहिली खेप पस्तीस पोत्यांची होती. मी मुद्दाम रजा टाकून गेले होते. शिवलेलं एक पोतं मी उचलून पाहिलं. उबदार होतं, आत कुजणं सुरू झालं होतं म्हणून. नवीन जन्मलेलं पारडू पोत्यावर घेतल्यावर हाताला जसं लागतं तसं.

वाड्याच्या ज्या शेतकऱ्याकडे ती गेली त्याची मोगऱ्याची लागवड आहे. त्याने पहिल्याच आठवड्यात फोन करून दादाला झापलं. पोत्यात दुधाच्या पिशव्यांचे कोपरे निघाले होते, औषधाची एक सुई निघाली होती. बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून इंजेक्शनच्या सुया वेगळ्या डब्यात जातात आणि शेण ओढणाऱ्या दोन्ही गड्यांना दादाने ते दहा वेळा सांगितलं आहे. नाल्यावरच्या कुठल्याही नोटिशीने जे झालं नसतं ते मोगऱ्याच्या शेतकऱ्याच्या एका फोनने झालं, कारण त्याला तो माल हातात घ्यायचा होता.

बायोगॅसचं काय, असं मला सगळे विचारतात. बायोगॅस चांगलाच आहे. पंचवीस किलो शेणाला साधारण एक घनमीटर गॅस मिळतो, दादाच्या घरचं आणि दोन्ही गड्यांचं स्वयंपाकघर त्यातल्या थोडक्या शेणावर चालेल. पण लोकांना वाटतं की संयंत्र शेण खाऊन टाकतं. तसं होत नाही. गॅसमध्ये जातो तो कार्बन. नत्र आणि स्फुरद स्लरीत तसंच्या तसं राहतं, आणि शेणात तेवढंच पाणी मिसळायचं असल्यामुळे जेवढं घातलं त्याच्या जवळजवळ दुप्पट बाहेर पडतं. ती स्लरी टाकायला पुन्हा रान लागतंच. खेड्यात ती परसात जाते. खारेगावात परस कुठे आहे?

मुताचा प्रश्नही अजून सुटलेला नाही, हे मी लपवणार नाही. जनावर जे नत्र बाहेर टाकतं त्यातलं निम्म्याच्या आसपास मुतातून जातं, आणि ते पोत्यात भरता येत नाही. दादाने मोरीच्या शेवटी दोन टाक्या बांधल्या आहेत. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यातून पाणी पुढे जातं. कोरडं ओढायला लागल्यापासून धुवायला पाणीही कमी लागतं. पण म्हशीला उन्हाळ्यात दोनदा अंघोळ घालावीच लागते, तिला घाम फार कमी येतो, अंगावर पाणी नसेल तर ती धापा टाकते आणि दूध आटतं. पाणी वाचवायचं म्हणून जनावराला त्रास द्यायचा हे आम्हाला कुणालाच मान्य नाही.

आणि पावसाळा. सगळी घडी तिथे मोडते. जूनपासून कोब्यावर काही वाळत नाही. लावणीनंतर भाताच्या खाचरात कुणी शेण घेत नाही. गोवऱ्या होत नाहीत. म्हणजे ज्या चार महिन्यांत नाला सगळ्यात जोरात वाहतो त्याच चार महिन्यांत शेण गोठ्यात अडकून पडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आम्ही बाळकुमला होतो. काकांनी गळ्यापर्यंतच्या पाण्यात उतरून म्हशींची दावी सोडली, त्या पोहत रस्त्यावर आल्या म्हणून वाचल्या. गोठ्यामागचा सगळा उकिरडा त्या रात्री वाहून गेला. अमेरिकेत शेणाची तळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या चोवीस तासांच्या पावसाला पुरतील अशी बांधायला सांगतात, तरीही १९९९ च्या फ्लॉइड चक्रीवादळात नॉर्थ कॅरोलायनातली डुकरांच्या फार्मची तळी पुरात बुडाली आणि काही फुटली. आमच्याकडे तळं तर सोडाच, छप्पर नाही.

आणि छपराचीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली आहे. शेण पावसात भिजू नये, झाकून ठेवा, असं एका कार्यालयातून सांगण्यात आलं. दादाने लोखंडी पाइपवर पत्र्याची शेड घातली, वीस बाय तीस. तीन आठवड्यांत दुसऱ्या कार्यालयातून अनधिकृत बांधकामाची नोटीस आली. दादा पहिल्या कार्यालयाचा कागद घेऊन दुसऱ्याकडे गेला. तिथल्या माणसाने तो वाचला आणि हा आमचा विषय नाही म्हणून परत दिला. शेड उतरवावी लागली. जुलैमध्ये मी तिथे गेले तेव्हा शिवलेली चाळीस पोती पावसात भिजत उभी होती, त्यांच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा, आणि खालून तपकिरी पाण्याची एक बारीक धार नाल्याच्या दिशेने निघालेली. दादा हातात फावडं घेऊन तिच्यापुढे मातीचा बांध घालत होता.

या दोन कार्यालयांनी एका टेबलावर बसावं एवढंच माझं मागणं आहे. शेणाच्या शेडला तात्पुरत्या बांधकामाचा वेगळा परवाना द्या, पाच वर्षांचा. संमतिपत्राच्या अर्जात एक रकाना वाढवा: वैरण कुठून येते आणि शेण कुठे जातं. वाडा, मुरबाड, शहापूरच्या कृषी सहायकांना या तबेल्यांची यादी द्या. टॉवरमधल्या लोकांच्या वासाच्या तक्रारी खऱ्या आहेत, मी त्यांच्या बाजूने आहे, लहानपणी शाळेत माझ्याही दप्तराला तो वास यायचा आणि मला एकटीला बाकावर बसवायचे. पण गोठा आणखी एक खाडी पलीकडे ढकलला की तो वास दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीच्या दप्तराला येणार.

मागच्या मे महिन्यात मी पुन्हा नमुने घेतले. दुसऱ्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शावर आला आहे. तीसच्या जवळपासही नाही. नाल्यातली बाटली अजून पांढरीच झाली, कारण वरच्या अंगाला बाकीचे तबेले आहेत.

गेल्या रविवारी त्यांतले एक मालक आमच्या दादाकडे आले. साठ म्हशी आहेत त्यांच्याकडे. चहा घेतला, कोब्यावर चक्कर मारली, एक शिवलेलं पोतं दोन्ही हातांनी उचलून वजन अजमावलं. गाडीवाला एका पोत्यामागे काय घेतो ते विचारलं. जाताना त्याचा नंबर आणि पोती शिवायची एक सुई घेऊन गेले.